कोऱ्या पानावरची मनूताई

गेल्या महिन्यात नांदेडहून मनूताईच्या लेकाचा फोन आला. "मावशी, आई गेली. चहा घेतला, आणखी अर्धा कप मागितला… आणि आम्ही आणेपर्यंत गेली." नव्वदी ओलांडलेलं वय, कुणाला त्रास नाही. इकडं लातुरात खिडकीशी बसून मी रडले, आणि रडता रडताच मला त्या शेळ्या आठवल्या…

मनूताई माझी मावसबहीण, चार वर्षांनी मोठी. निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं, तेव्हा मी शाळेसाठी मावशीकडं नांदेडला राहत होते. शाळा उर्दूतून, घर मराठीतून, आणि मनूताई दोन्हींतून हाताला लागेल ते वाचायची. गल्लीतल्या दोन खोल्यांच्या वाचनालयातलं पुस्तक संपलं, की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं दोन ओळी लिहून ठेवायची. वेदान्तावरच्या एका जाडजूड ग्रंथात तिनं लिहिलं, 'दोनदा वाचला. समजला नाही. पण नंतर भूक छान लागली.' वाचनालय सांभाळणारे दत्तोपंत भयंकर चिडायचे. "मनू, काय लिहून राहिलीस? पुस्तक म्हणजे भिंत हाय का?" ती मान खाली घालायची, अन् पुढच्या पुस्तकात पुन्हा लिहायची. लोक मात्र येऊन हळूच विचारायला लागले, "पंत, ते शेवटी लिहिलेलं एखादं द्या की."

ही गोष्ट बाहेर गेली ती भलत्याच रूपात. पुस्तकांतून गुप्त निरोप जातात, अशी कुणीतरी चुगली केली. दिवस संशयाचे होते. एका दुपारी अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे अधिकारी, कारकुनाला घेऊन वाचनालयात आले. आम्ही दोघी तिथंच होतो. कारकुनानं शेळीपालनाचं पुस्तक उघडलं आणि अडखळत वाचलं, 'लेखकाला शेळ्या कळतात, माणसं नाही.' मग ते त्यानं साहेबांना उर्दूत सांगितलं.

"ये बकरियाँ कौन हैं?" साहेबांनी दरडावून विचारलं.

वाचनालयाला सील लागलं असतं, दत्तोपंत तुरुंगात गेले असते. मी मनूताईचा पदर घट्ट धरला. तो सोडवून घेत ती पुढं झाली. "मैंने लिखा, साहब. बकरियाँ, बकरियाँ ही हैं."

साहेबांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. टेबलावरची एक उर्दू जासुसी कादंबरी उचलून त्यांनी शेवटचं पान काढलं. तिथं तिनं उर्दूतच लिहिलं होतं, 'खुनी चाळिसाव्या पानावरच कळला. पुढं वाचलं ते हवेलीतल्या स्वयंपाकिणीसाठी.' साहेबांच्या मिशा हलल्या.

"खूनी का नाम क्यूँ नहीं लिख्या?"

"पढ़नेवाले का मज़ा क्यूँ मारना, साहब?"

ते मोठ्यानं हसले, आणि ती कादंबरी घेऊनच गेले. ते गेल्यावर दत्तोपंत खुर्चीत मटकन बसले. आठ दिवसांनी पुस्तक परत आलं. तिच्या ओळींखाली सुबक उर्दूत आणखी एक ओळ होती… 'स्वयंपाकीण मलाही आवडली.'

त्या संध्याकाळी दत्तोपंतांनी स्वतः खळ शिजवली आणि पुस्तकापुस्तकाच्या शेवटी एकेक कोरा कागद चिकटवायला घेतला. "लिही बाई," म्हणाले, "पण अक्षर जरा नीट काढ!"

पुढं राज्य बदललं, लग्नं झाली, मी लातूरला आले. मनूताईचं वाचणं अन् लिहिणं थांबलं नाही. तेराव्याला गेले तेव्हा तिच्या सुनेनं उशाजवळचं पुस्तक माझ्या हातात दिलं. कुणा हौशी माणसानं पायी केलेल्या प्रवासाचं वर्णन. मध्यावर पान दुमडलेलं.

मी ते पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुमडलेल्या पानाशी आल्यावर चार दिवस पुढं जाववेना. काल पुढं गेले. दोनच पानांनंतर त्या गृहस्थाला एका गावात पाहुणा समजून भलत्याच लग्नात जेवायला बसवतात, आणि तो आहेरही घेऊन येतो. मी एकटीच खदखदून हसले, आणि मोठ्यानं म्हणाले, "अगं मनूताई, दोन पानं थांबायचं होतंस की!"