वहिनीची वाटी आणि माझं मशीन

हे ऐकताना चहाचा घोट तोंडात ठेवू नका, एवढंच सांगते. मागच्या वेळी मैत्रिणीच्या नाकातून चहा आला आणि फरशी मलाच पुसावी लागली. फरश्यांशी माझं हल्ली तसंही बरं नाही. का, ते कळेलच.

कुंभारीला माझे चुलते राहतात. अप्पा आणि काकू. त्यांनी तिथं नवीन घर बांधलं आणि त्यानंतर वर्षभरानं सागरदादाचं लग्न केलं. दादा पुण्याकडे कंपनीत, आणि सुप्रिया वहिनी अप्पा-काकूंजवळ. वहिनी स्वभावानं इतकी गरीब, की काकूंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं तरी ती "चुकलं आत्या" म्हणून मोकळी होते. आमच्याकडे सून सासूला आत्याच म्हणते, म्हणून आत्या.

एका मंगळवारी तिचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"वन्सं, माझ्या मंगळसूत्राची एक वाटी पडली."

"कुठे पडली?"

"ते माहीत असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता?"

बघा, गरीब माणूस घाबरलं की किती नेमकं बोलतं.

मंगळसूत्राची तार झिजली होती आणि मागच्या अंगणात भांडी घासताना वाटी निसटली, असा तिचा अंदाज होता. उरलेली एक वाटी पदराखाली दडवून ती घरभर वावरत होती. काकूंच्या लेखी वाटी हरवणं म्हणजे काही साधी गोष्ट नाही. त्या नवऱ्याच्या आयुष्यापर्यंत जाऊन पोचतात. त्यात रविवारी घरी हळदीकुंकू. हळदीकुंकवाला आलेली बाई काय बघते? वाण बघते, आणि यजमानीणबाईचा गळा बघते.

"काकूंना चुकूनही सांगू नका," मी म्हणाले. "उगाच अपशकुन, नवस, उपास सुरू होईल. आपण हे शास्त्रीय पद्धतीनं करू."

शास्त्रीय पद्धत म्हणजे मी त्याच संध्याकाळी ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर मागवला.

शुक्रवारी खोकं आलं. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा लावून त्यातलं माहितीपत्रक उघडलं.

"आधी हे वाच. मग कुंडीत एखादं नाणं पुर आणि सापडतंय का बघ."

"दादा, मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. आहे. हे मशीन कसं चालतं ते मी वर्गात शिकवू शकते."

"शिकवू शकतेस गं. चालवू शकतेस का?"

मोठ्या माणसांचं हे असंच असतं. प्रत्येक गोष्टीला आधी वाच, आधी विचार, आधी थांब. यांच्या हातात असतं तर चाकाचा शोध अजून वाचनातच असता.

शनिवारी अप्पा-काकू वैरागला लग्नाला गेले. संध्याकाळपर्यंत यायचे नव्हते. मी स्कूटीवर मशीन आडवं बांधून कुंभारीला हजर. दिसायला मशीन म्हणजे कुबडीच्या टोकाला ताटली बसवल्यासारखं. शेजारच्या नरसव्वा भिंतीवरून बघत होत्या. कुंभारीत कोणाच्या घरी काय शिजतंय, हे त्यांना फोडणी पडायच्या आधी कळतं.

"काय गं पोरी, गवत कापायचं काय ते?"

"हो," मी म्हणाले.

"तुमच्या अंगणात गवत कुटं हाय?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि बटण दाबलं.

पीप. पीप. पीप.

अहो, काय आनंद झाला. पहिल्याच फटक्यात. मी खुरप्यानं वीतभर खड्डा केला. काही नाही. दुसरीकडे पीप, तिथंही खड्डा, तिथंही काही नाही. पाच-सहा खड्डे झाल्यावर वहिनीनं बिचकत विचारलं, "वन्सं, मी जवळ आले की जास्त वाजतंय का हो?"

वाजणारच. हातात पाटल्या, पायात जोडवी, पैंजण, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बाई नव्हे, चालतं सराफ दुकान. तिला मी लांब न्हाणीच्या दाराशी उभं केलं. तरीही वाजायचं. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या पँटला बटण आहे, पट्ट्याला बक्कल आहे, आणि मी घातलेल्या बुटांना नाडी ओवायच्या भोकांत पितळी कड्या आहेत. कुठेही ताटली फिरवली की ती शेवटी माझ्याच पायाशी यायची आणि मी माझ्याच पायाखाली खणायचे.

मग बूट काढले, वहिनीचा जुना गाऊन चढवला, कानातलं काढलं. आता मी खरी शास्त्रज्ञ दिसत होते. नरसव्वा भिंतीवर हनुवटी टेकवून बसल्या होत्या.

यानंतर मात्र मशीननं दणक्यात काम केलं. बांधकामाची तार निघाली. खिळे निघाले. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं निघाली. काकू ज्या चमच्यासाठी कामवालीशी भांडल्या होत्या, तो चमचा निघाला. वाटी सोडून जगातलं सगळं निघालं. अंगणात उभं राहायला जागा उरली नाही आणि अप्पांच्या कोथिंबिरीच्या वाफ्याची तर पार चटणी झाली.

"अप्पा काय म्हणतील?" वहिनी पुटपुटली.

"कोथिंबीर परत येते, वहिनी. वाटी येत नाही."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

आणि मग आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात पोचलो. तिथं फरश्या होत्या. भिंतीलगतच्या कोपऱ्यातल्या फरशीवर ताटली नेली आणि मशीन नुसतं वाजलं नाही, किंचाळलं. काट्यानं उडी मारून दुसरं टोक गाठलं. फरशीला कडेनं फट होती. भांडी तिथंच घासतात. वाटी घरंगळली, फटीत गेली, गणित सुटलं.

"वन्सं, ती फरशी नको," वहिनी म्हणाली. "त्या फरशीवर आत्या पायसुद्धा ठेवू देत नाहीत."

मी थांबले. "का?"

"मी कशाला विचारतीय? आणि सणाला तिथं नैवेद्यही ठेवतात."

आता तुम्ही म्हणाल, एवढं ऐकल्यावर कुणाच्याही डोक्यात उजेड पडला असता. वहिनीचं सोडा, तिचं सगळं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. पण माझ्या डोक्यातही उजेड पडला आणि तो भलताच होता. काकूंचा बँकेवर कधीच विश्वास नव्हता. पाय ठेवायचा नाही, नैवेद्य दाखवायचा, म्हणजे काय? म्हणजे लक्ष्मी.

"वहिनी, काकूंनी इथं सोनं पुरलंय."

"अगं बाई."

"आपण ते बघणार नाही. आपण फक्त आपली वाटी काढणार."

असं म्हणून मी पहार घातली. फरशी उचलली. खाली वाळू, वाळूखाली लाल धाग्यानं बांधलेला तांब्याचा डबा. आता सांगा, हातात आलेला डबा न उघडता परत ठेवणारं कुणी तुमच्या घरात आहे का? आमच्या घरात नाही.

"गुप्तधन," भिंतीवरून नरसव्वा म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण त्यांचं हळूच दोन गल्ल्यांत ऐकू जातं.

बघता बघता अंगण भरलं. एक बाई म्हणाली, यावर नाग असतो. दुसरी म्हणाली, सरकारला कळवावं लागतं. तिसरीनं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. आणि मी? मी गाऊन खोचून पालथ्या घातलेल्या बादलीवर उभी राहिले आणि धातू शोधण्यामागचं विज्ञान समजावून सांगू लागले. एवढा लक्ष देऊन ऐकणारा वर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता. बोलता बोलता धागा सोडला, झाकण काढलं. आत धान्य, कसले कसले बारीक तुकडे आणि त्यात पालथी ठेवलेली एक छोटी धातूची मूर्ती. ती मी हात उंच करून सगळ्यांना दाखवली. बक्षीस मिळाल्यावर दाखवतात तशी.

त्याच वेळी फाटकातून अप्पांची गाडी आत आली. लग्न लवकर लागलं होतं. आमच्याकडची लग्नं वेळेवर लागत नाहीत, नेमकं हेच लागलं.

काकू गाडीवरून उतरल्या. त्यांनी अंगण बघितलं, कोथिंबीर बघितली, गाऊनमधली मी बघितली, आणि मग माझा हात बघितला. त्या पायरीवर मटकन बसल्या.

"अगं, वास्तुपुरुष हाय त्यो," काकू म्हणाल्या. "आग्नेय कोपऱ्यात पुरलेला. घराचा धनीच उकरून काढला की तू."

वास्तुशांतीच्या दिवशी मी कुठे होते, असं विचारताय? आले होते की. बरोबर पंगत बसायच्या वेळेला आले होते. त्याआधी धुरात बसून मंत्र कोण ऐकणार?

अप्पांनी गुरुजींना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"उकरली? कुणी उकरली?" गुरुजी विचारत होते. "लहान मूल आहे का घरात?"

"न्हाय," अप्पा माझ्याकडे बघत म्हणाले. "एम.एस्सी. झालेली हाय."

मी बादलीवरून उतरले. माझी अवस्था बघून वहिनीला राहवलं नाही. सासूसमोर जिची मान कधी वर होत नाही, ती वहिनी भर अंगणात पुढे आली.

"आत्या, वन्संना बोलू नका. माझी मंगळसूत्राची वाटी हरवली. मी भ्याले, म्हणून त्यांना बोलावलं. चूक माझी हाय."

काकू उठल्या, आत गेल्या आणि देवघरातला कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. झाकण उघडून वहिनीपुढं धरला.

"ही व्हय?"

वाटी. पिवळीधमक.

"मंगळवारीच झाडताना घावली," काकू म्हणाल्या. "म्हनलं, पोरगी आज सांगंल, उद्या सांगंल. सांगितली की सोनाराकडं जाऊन दोघी नवी तार घालून आणू. माझीबी पडली हुती गं नवेपणी. मी काय तुला खाणार हुते?"

वहिनी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. काकू तिच्या पाठीवरनं हात फिरवू लागल्या. मोबाइलवालीनं तेही घेतलं.

मला मात्र राग आला. खरंच आला. "काकू, मग तुम्ही बोलला का नाहीत? मी एवढं अंगण खणलं."

काकूंनी माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"तेच म्हणते मी. सगळं अंगण इचारलंस, मला सोडून."

रविवारचं हळदीकुंकू जोरात झालं. वहिनी दोन्ही वाट्या मिरवत होती, पण तिच्या गळ्याकडे एकीनंही बघितलं नाही. बायका वाण घेऊन थेट मागच्या अंगणात खड्डे बघायला जात होत्या आणि नरसव्वा त्यांना कुठं काय निघालं ते दाखवत होत्या. पुढच्या आठवड्यात गुरुजी येऊन वास्तूची पूजा नव्यानं करून गेले आणि अप्पांनी कोपऱ्यात सिमेंट ओतलं.

आता आमच्या जेऊरच्या मावशीनं घर बांधलंय. परवाच तिचा फोन आला होता.

"शुक्रवारी वास्तुशांत हाय, सगळ्यांनी यायचं," मावशी म्हणाली. "आन् तू सकाळी लवकर ये, पूजेला बस. फकस्त ते मशीन घरी ठेव, आन् निघताना तुझी पिशवी आमी तपासणार हाय."