श्रीखंडाच्या डब्यातली आमटी

डबा भरला की काकू झाकणाचे चारही कोपरे अंगठ्याने दाबायच्या, डबा उलटा करायच्या आणि माझ्या नाकासमोर धरायच्या. "बघ. एक थेंब सांडत नाही."

सांडत नव्हता, हे खरं. पण डबा श्रीखंडाचा, प्लॅस्टिकचा, आणि आत नुकतीच गॅसवरून उतरवलेली आमटी.

अरेरा कॉलोनीत आमची दारं समोरासमोर. मी बदलीने पुण्याहून आलेली, काकू मूळच्या ग्वाल्हेरच्या. त्यांच्या ओट्याखाली श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, मिठाईचे रिकामे डबे मोठ्यात लहान असे रचलेले असत. तुमच्याही ओळखीत अशा एक काकू असतीलच. मला कामांची यादी करायची सवय आहे. त्या यादीत 'काकूंचे डबे' हे काम कायम असायचं. त्यावर काट कधी बसली नाही.

समजावून सांगायचं मी बाकी ठेवलं नव्हतं. प्लॅस्टिकमधली काही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सची नक्कल करतात, त्यांच्या कामात ढवळाढवळ करतात. गरम आणि तेलकट पदार्थात ती जास्त उतरतात. नेमक्या कशाने किती नुकसान होतं याचं संशोधन अजून चालू आहे, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. तिथेच चुकलं.

"म्हणजे पक्कं माहीत नाही ना? मग फालतू टेन्शन कशाला घेतेस? मी इतकी वर्षं खातेय, काही नाही झालं."

"काकू, तुम्हाला थायरॉइडची गोळी चालू आहे."

"ती वयामुळे."

असेलही. उलट सिद्ध करणं मला जमणार नव्हतं, आणि ते काकूंना चांगलं ठाऊक होतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच शहरात, बाग सेवनिया वस्तीत राहणाऱ्या त्यांच्या सुनेला बऱ्याच उपचारांनंतर दिवस गेले आणि काकूंनी रोज दुपारी तिला जेवण पोचवायला सुरुवात केली. आमटी, मेथीची भाजी, तुपातला शिरा. सगळं वाफाळतं, सगळं श्रीखंडाच्या डब्यांत. पिशवी मांडीवर घेऊन काकू ऑटोत.

एक दिवस सुनेचा मला फोन आला. "मावशी, डॉक्टरांनी प्लॅस्टिकमधलं गरम जेवण बंद करायला सांगितलंय. आईंचं मी खातच नाही. त्या गेल्या की टाकून देते आणि खिचडी लावते. टाकताना रडू येतं हो. तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतात त्या."

माझं ऐकतात, हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

अन्न टाकलं जातंय, हे मी काकूंना सांगितलं नाही. "थंड करून भरत जा," एवढंच म्हटलं.

"थंडच द्यायचं तर मी जाऊ कशाला? कोणीही पोचवेल."

मी स्टीलचे नवे डबे आणून दिले. ते त्यांना इतके आवडले की थेट कपाटात गेले. "बारशाला वाटायला होतील." मी ते कपाटातून काढून परत ओट्यावर मांडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीत स्टीलचा डबा दिसला. यादीवर काट मारायची, म्हणून खात्रीसाठी झाकण उघडलं. आत पन्नी, पातळ प्लॅस्टिकची. पन्नीला गाठ. गाठीखाली कढत आमटी.

"स्टीलचं झाकण ढिलं आहे गं," काकू म्हणाल्या. "सांडली असती."

माझा तोल गेला. "काकू, तिला गरमच खाऊ घालायचंय ना? मग तिच्या ओट्यापाशी उभ्या राहा, तिथेच करा, थेट ताटात वाढा. डबाच नको."

काकू बराच वेळ पन्नीची गाठ सोडवत बसल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "ती कधी राहायला बोलवत नाही ना. डब्यासाठी दार तरी उघडते."

मी घरी आले आणि सुनेला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचं, आईंना स्वतःचं घर सोडून करमत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनेच काकूंना बोलावलं. काकू चार साड्या घेऊन गेल्या. पुढे नात झाली, बारसं झालं, स्टीलचे डबे वाटून झाले. समोरच्या दाराला कुलूप ते कुलूपच. माझ्या यादीतलं काम अखेर संपलं. पान उलटताना त्या जागी दुसरं काहीतरी लिहावंसं वाटतं, सुचत नाही.

गेल्या रविवारी त्यांचा मुलगा स्कूटरवरून माझ्यासाठी डबा घेऊन आला. स्टीलचा. आत पन्नी नव्हती. अर्धी आमटी पिशवीत, थोडी त्याच्या पँटवर, आणि उरलेली पार गार. मागोमाग काकूंचा फोन.

"गरम पोचली का गं? सांडली नाही ना?"

मी बेसिनवर पिशवी धरून उभी होते. पिशवी अजून गळत होती.

"वाफ येतेय काकू," मी म्हटलं. "एक थेंब सांडला नाही."