छत्रीच्या दांड्याचा कंगवा

दवनीवाड्याला आमच्या चौकात एका मिस्त्रीचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचे हात पंक्चर काढत असतात, पण डोळे भलतीकडेच फिरत असतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन वस्तू दिसल्या की म्हणणार, "या दोघाईचं जमते का, पाहून राहिलो." पाण्याच्या पाइपाला चहाची गाळणी बांधून त्याने शेजारणीच्या कोथिंबिरीसाठी झारी केली, ती अजून चालते. टोपीवर बसवलेल्या पंख्यात मात्र त्याचेच केस अडकले. लोक हसले, तोही हसला.

गेल्या वर्षी माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि उजवा हात वर जाईना. रोज अंगणवाडीत जाण्याआधी सुनेकडून केस विंचरून घ्यायचे, याची मला फार लाज वाटायची. एकदा तिला घाई होती, म्हणून मी तशीच निघाले. दुकानासमोर त्याने हटकलं.

"मॅडम, हात वर जाऊन नाही राहिला का?"

मी मान डोलावली.

"मंग सांगाचं नाही का?"

दोन दिवसांनी त्याने मला हाक मारली. मोडक्या छत्रीच्या वाकड्या दांड्याला त्याने कंगवा घट्ट बसवला होता. "करून पाहा बरं," म्हणाला.

दुकानातल्या आरशासमोर मी कोपर न उचलता टाळूपासून मानेपर्यंत केस विंचरले. डोळे भरून आले. आभार मानायला वळले, तर तो माझ्याकडे पाठ करून एका चाकात हवा भरत बसला होता. चाक केव्हाचंच टणक झालं होतं. माझं पुरतं आवरेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.