क्रिस्पिनला मेरिदात टाको मिळेना

नवरा दुसऱ्या बाईपायी घर सोडतो, दारूपायी सोडतो. अशी कारणं चारचौघांत सांगता तरी येतात, लोक हळहळतात, चहा-कॉफी पाजतात. माझा नवरा टाको मिळत नाही म्हणून मला सोडून जायला निघाला होता. हे मी कुणाला तोंड वर करून सांगायचं?

क्रिस्पिन त्याचं नाव. सगळा जन्म मेक्सिकोच्या राजधानीत, पोर्तालेस वस्तीत, लोकांच्या सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवण्यात गेला. हात असा की खुर्ची मोडेल पण त्याची शिवण उसवायची नाही. आणि हट्ट असा की गिऱ्हाइकाने फुलाफुलांचं कापड आणलं तर म्हणायचा, "हे पडद्याला लावा, मी शिवणार नाही." संध्याकाळी दुकानाला कुलूप घातलं की तडक कोपऱ्यावर मेलितोनच्या गाडीपाशी. तिथे उभ्याने सुआदेरोचे टाको हाणायचे आणि मगच घरी यायचं. सुआदेरो म्हणजे पोट नि मांडी यांच्या मधलं मांस, चरबीत दुपारपासून मंद शिजत ठेवलेलं. घरी मी काय रांधलंय याची साहेबांना चौकशीसुद्धा नसायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी यावरून भांडले, मग मीसुद्धा त्याच गाडीवर जाऊन खायला लागले. कारण खरं सांगू का, मेलितोनच्या हाताला तोड नव्हती.

आमची एकुलती एक मुलगी यादिरा दूर मेरिदाला नर्स आहे. जावई समुद्रात तेलाच्या विहिरीवर, अर्धा महिना घरी, अर्धा महिना पाण्यात. तिला मुलगी झाली, इत्सेल. बाळाला कोण बघणार? मी म्हटलं, मी चालले. क्रिस्पिन कुरकुरत आला, पण दुकान काही सोडलं नाही. किल्ली खिशात घालून आला. "बघू," म्हणाला. ते त्याचं 'बघू' माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं. मला नातीजवळ राहायचं होतं आणि म्हाताऱ्याजवळही राहायचं होतं. एवढंच मागणं होतं माझं, फार होतं का?

मेरिदात आल्याआल्या सर्दी-तापाने आठवडाभर आडवा झाला. उठला आणि पहिला प्रश्न काय, तर इथे टाको कुठे मिळतात!

मिळत नाहीत कसे, मेरिदाला? पावलापावलाला मिळतात! पण सकाळी. इथली माणसं रविवारी उजाडताच भट्टीत भाजलेल्या डुकराच्या मांसाचे टाको खातात, वर गुलाबी कांद्याचं लोणचं घालतात, आणि दुपारपर्यंत भांडी घासून मोकळी होतात. आमच्या साहेबांना टाको हवा दिवे लागल्यावर, उभ्याने, रस्त्यावर. शेजारच्या निदियाबाईंनी गोड आवाजात समजावलं, "अहो साहेब, संध्याकाळी कोण मांस खातं? झोप कशी लागेल?"

"आम्हाला खाल्ल्याशिवाय लागत नाही," हा म्हणाला.

मग सुरू झाली शोधमोहीम. रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा आणि तोंड पाडून परत यायचा. एका ठिकाणी म्हणे आधी पैसे घेऊन टोकन दिलं. झालं, अपमान! "पोर्तालेसला खाऊन झाल्यावर किती खाल्ले ते गिऱ्हाईक सांगतं आणि मेलितोन मान डोलावतो. इथे मला चोर समजतात." दुसऱ्या ठिकाणी टाकोवर कोबी घातला होता. तिसऱ्या ठिकाणी पाटीवर राजधानीचा मनोरा रंगवलेला, मालक निघाला काम्पेचेचा, जन्मात राजधानीला न गेलेला. तिथे पोराने विचारलं, "वर चीज घालू का?" म्हातारा ताट तसंच ठेवून निघाला तो घरी येऊन माझ्यावर ओरडला.

"माझ्यावर काय ओरडतोस? चीज मी घातलं का?"

"कागद खातोय, लाला! ओला कागद! या गावात एकाला मांस शिजवता येत नाही."

बरं, मी बरोबर गेले आणि चाखलं तर चांगलं असायचं. मेलितोनसारखं नसेल, पण चांगलं. मी तसं म्हटलं की हा म्हणायचा, "तुला इथे राहायचंय म्हणून तुला सगळं गोड लागतं." आता यावर बोला!

एका रविवारी निदियाबाईंनी स्वतःच्या घरचे टाको पाठवले. रात्रभर जमिनीत पुरून शिजवलेलं मांस, केळीच्या पानात. झाकण काढलं तर दरवाजापर्यंत घमघमाट. बाई स्वतः उभ्या होत्या, कौतुक ऐकायला. क्रिस्पिनने एक घास घेतला. मग हाबानेरो मिरचीच्या चटणीचा चमचा भरून ओतला. इथली माणसंसुद्धा ती थेंबभर घेतात! डोळ्यांतून पाणी, कपाळाला घाम. आणि वर म्हणतो कसा, "तिखट झकास आहे. पण चव नाही." निदियाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "राजधानीच्या लोकांचं बाई असंच," एवढंच म्हणून त्या गेल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. दार लावलं आणि इतकं तोंडसुख घेतलं की इत्सेल जागी होऊन रडायला लागली.

शेवटी यादिराच्या हॉस्पिटलातल्या कुणीतरी सांगितलं, बसस्टँडमागे राजधानीतल्या इस्तापलापाचा एक माणूस गाडी लावतो, अस्सल सुआदेरो, मेलितोनसारखीच मधे घुमट असलेली कढई. मी म्हटलं, ग्वादालुपे माते, तुला मेणबत्त्या लावीन, एवढं जमव. दोघं गेलो. मी पहिला घास घेतला आणि गाडीवरच माझे डोळे भरून आले. अगदी घर! तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, चरबीत बुडवून शेकलेली, कांदा बारीक, कोथिंबीर ताजी. मी क्रिस्पिनकडे बघितलं. सुटलो एकदाचे, असं वाटलं मला.

त्याने तोंडातला घास रुमालात काढला. "चरबी नासलीय," म्हणाला. गाडीवाल्याच्या देखत!

मग मात्र माझा तोल गेला. भर रस्त्यात मी त्याला झाडलं. "तुला टाको नकोच आहेत! तुला फक्त परत जायचंय. तसं सरळ सांग ना, मर्दासारखं. लोकांच्या अन्नाला कशाला नावं ठेवतोस?"

"मग सांगतो," तो म्हणाला. "मी परत जातो. तू राहा इत्सेलपाशी."

"जा. मी येणार नाही."

"नको येऊस."

एवढ्यावर आमचा संसार आला. यादिरा रडली, मी रडले नाही. जावई घरी आला त्या आठवड्यात मी क्रिस्पिनबरोबर बसमध्ये बसले. राहायला नव्हे, त्याचं बस्तान बसवून द्यायला. दुकानामागच्या खोलीत याला एकट्याला राहायचं आणि याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. जन्मभराची सवय, कुठे जाणार? सबंध प्रवासभर मी त्याच्याशी बोलले नाही. तो मात्र खुशीत होता. राजधानीच्या अलीकडचं प्यूएब्ला मागे गेलं तसा पोरासारखा खिडकीला नाक लावून बसला.

पोर्तालेसला पोचलो. सामान दुकानात टाकायचं सोडून आधी मेलितोनची गाडी. मेलितोनने लांबूनच पळी हलवली.

"उस्ताद! जिवंत आहात म्हणायचं! आणि वहिनी, या या. तिकडच्या उन्हात मुरलात की काय?"

विचारायची गरजच नव्हती. त्याने ताट भरून पुढे केलं. क्रिस्पिनने लिंबू पिळलं, मान तिरकी केली, चरबी शर्टावर सांडू नये म्हणून कोपर बाहेर काढलं, आणि घास घेतला. चावला. थांबला. हिरवी चटणी ओतली. पुन्हा चावला. मग लाल ओतली.

"काय घातलंस यात?" त्याने विचारलं.

"जे तुमच्या लग्नाआधीपासून घालतोय ते."

"हात बिघडला तुझा, मेलितोन."

शेजारी उभा असलेला टॅक्सीवाला खायचा थांबला. मेलितोन लालबुंद झाला. "उस्ताद, दुसरं कुणी असतं तर ही पळी डोक्यात घातली असती. माझ्या बापाची कढई आहे ही."

मी क्रिस्पिनच्या हातातला अर्धा टाको ओढून घेतला आणि खाल्ला. तोच होता. तिळमात्र फरक नाही. मी मेलितोनकडे बघून नुसती मान हलवली. मला भीती वाटायला लागली.

मेलितोनने चिमूटभर कोथिंबीर घेतली, तळव्यावर चुरगळली आणि क्रिस्पिनच्या नाकाशी धरली. "कसला वास येतो?"

क्रिस्पिनने हुंगलं. पुन्हा हुंगलं. "ओली आहे," म्हणाला.

"वास विचारतोय, उस्ताद."

"मला तिखट लागतंय!" तो ओरडला. "मीठ लागतंय, लिंबू लागतंय! माझी जीभ ठणठणीत आहे!" आणि त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

बघा, हे आमचं. आमच्याकडे जिभेला चटका बसला की माणूस धडधाकट. आम्ही आंब्यावर मिरची घालतो, काकडीवर घालतो, लहान पोरांच्या गोळ्यांवर घालतो. या माणसाचं नाक त्या आठवड्याच्या तापात गेलं होतं, आणि तो महिनोन्‌महिने वाटीवाटीने मिरची ओतत होता, आणि ना त्याला कळलं, ना मला, ना नर्स असलेल्या पोरीला. सगळं मेरिदाच्या माथी मारून मोकळे झालो.

तो निघाला. मी मागे. गल्लीत शिरताच माझ्या घशात खवखवलं. दुकानात कुठला तरी डबा उलटला असणार. त्याने कुलूप काढलं आणि कापड चिकटवायच्या सरसाचा असा भपका आला की मी शाल तोंडावर दाबून उंबऱ्याबाहेरच थांबले. डोळे झोंबायला लागले. तो सरळ आत गेला. दिवा लावला. फळीवरचा डबा उचलला, सांडलेला सरस हाताने चाचपला, आणि डब्यात तोंड घालून उभा राहिला. याच वासात त्याचं सगळं आयुष्य गेलेलं. याच वासाच्या शर्टाला मी लग्नानंतर पहिल्या रात्री नाकं मुरडली होती.

"काही नाही," तो म्हणाला. डबा खाली ठेवला आणि कुणाच्या तरी जुन्या खुर्चीवर बसला.

मी दार-खिडक्या उघडल्या. शालीतून खोकत त्याच्याजवळ जाऊन बसले. माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि त्याला कुशीत घ्यावंसं वाटत होतं. "डॉक्टरला दाखवू," म्हटलं. "यादिरा बघेल कोणाला तरी. कुणाकुणाचं परत येतं म्हणतात."

तो हाताला लागलेला सरस पुसत राहिला.

"लाला," तो म्हणाला, "तू, यादिरा, ती निदियाबाई, तुम्ही सगळ्या इत्सेलला उचललं की तिच्या टाळूला नाक लावता. डोळे मिटता. म्हणता, अगं बाई, काय वास येतो! मीसुद्धा लावायचो. मला वाटायचं, बायकांची बोलायची रीत आहे. खरंच येतो का गं काही?"

"येतो," मी म्हटलं.

"कसा?"

मी सांगायला गेले. दुधासारखा म्हटलं, मग म्हटलं दुधासारखा नाही, कोमट काहीतरी, आणि मला सांगताच येईना. ज्या बाईला याने जन्मभर 'जरा गप्प बस' म्हणून विनवलं, तिला एक शब्द सापडत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता.

"घरी चल," मी म्हटलं. "तिला मांडीवर घेऊन सांगते."

तो उठला. दिवा मालवला, दाराला कुलूप घातलं, आणि किल्ली खिशात न टाकता माझ्या हातावर ठेवली. घरी म्हणजे कुठे, हे त्याने विचारलं नाही.