दा नांगची कैरी आणि बॉथेलचे काका

हे सगळं मी सूड घेण्यासाठी केलं. न्यायासाठी केलं असं मंडळातल्या दोन-तीन जणांना मी नंतर सांगितलं, पण ते खोटं होतं. मला त्या माणसाला भर सभेत खुर्चीत आक्रसलेलं बघायचं होतं.

माणूस म्हणजे सिॲटलजवळच्या बॉथेलचे एक काका. निवृत्त इंजिनिअर, आमच्या महाराष्ट्र मंडळाचे माजी अध्यक्ष, आणि छंद म्हणाल तर रिव्ह्यू लिहिणं. दातांचा डॉक्टर, देवळातलं चपलांचं कपाट, छपराची पन्हाळ साफ करायला आलेला माणूस, सगळ्यांना काका स्टार देतात. मग लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकतात आणि खाली पंचवीस जण अंगठे वर करतात. वर्षानुवर्षं मलाही ते गमतीचंच वाटायचं. ज्यांना स्टार मिळायचे त्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. आणि मी तर सिॲटलमधल्या भाडेकरूंच्या संघटनेत घरमालकांविरुद्ध पत्रकं लिहिते. विचारायला हवा होता.

मार्चमध्ये मंडळातले आम्ही सहा जण व्हिएतनामला गेलो. काका-काकू, रेडमंडला राहणारं नागपूरचं एक जोडपं, माझी आई आणि मी. बाबांची सुट्टी ऐन वेळी कॅन्सल झाली म्हणून त्यांच्या जागी मी. दा नांग शहरात एका संध्याकाळी आम्ही मोटरसायकलवरची खाद्यभ्रमंती घेतली होती. सहा गाड्या, चालवणाऱ्या सहाही बायका, आम्ही मागे बसायचं. त्यांची म्होरकी माझ्याच वयाची मुलगी. तिच्या गाडीवर काका.

त्या दिवशी संकष्टी होती, हे काकांनी हेल्मेट घालता घालता सांगितलं. दिवसभर उपास, चंद्रोदय झाल्याशिवाय जेवण नाही, आणि जेवण शुद्ध शाकाहारी. मुलीनं दोन मिनिटं विचार केला. तिकडेही लोक पौर्णिमा-अमावास्येला मांस-मासे सोडतात, त्या दिवशी गल्लोगल्ली शाकाहारी गाड्या लागतात. पण पौर्णिमा होऊन गेली होती. ती म्हणाली, रोज शाकाहारी करणारी एक बाई मला माहीत आहे, पण नदीच्या पलीकडे. आणि चंद्र बघायचा तर आधी समुद्रावर जाऊ, तो तिथून वर येतो.

तर एका माणसाच्या उपासासाठी सहा मोटरसायकली पूल ओलांडून समुद्रावर गेल्या. ढग होते. आम्ही वाळूत उभे, वाऱ्याला खारट वास, आणि सगळ्यांचे डोळे पूर्वेकडे. नागपूरवाले म्हणाले, "काकाजी, मोबाईलमधला चंद्र चालत नाही का? लय भूक लागली नं."

चंद्र अखेर तांबूस, कुरतडल्यासारखा वर आला. काकांनी हात जोडले. मुलीनंही जोडले, का कोण जाणे.

शाकाहारी बाईचा गाडा एका बोळात होता. हळद घातलेलं तांदळाचं धिरडं, आत मुगाची डाळ आणि मोड, वर कुरकुरीत. ते पालेभाजीच्या पानात गुंडाळून शेंगदाण्याच्या दाट चटणीत बुडवायचं. काका पाच खाऊन म्हणाले, "हे तर आपलंच धिरडं!" आई माझ्या कानात म्हणाली, "यांच्या आईनं कधी असं कुरकुरीत घातलं असेल तर शपथ."

तिथून रात्रबाजार. डोक्यावर दिव्यांच्या माळा, कोळशावर भाजणारे शिंपले, उसाच्या रसाचे चरक, आणि मोटरसायकली बाजाराच्या अगदी आतपर्यंत, लोकांच्या पायांत. मी फोनवर सगळं टिपत होते. एका म्हातारीच्या टोपलीत कैरीच्या फोडी होत्या. सोबत वाटीत तपकिरी, चिकट, मिरच्या तरंगणारं काहीतरी. काकांचा चेहरा शाळकरी पोरासारखा झाला. त्यांनी फोड उचलली आणि थेट वाटीत बुडवली.

मुलगी म्हणाली, "सर, मासा. त्यात मासा आहे." हातानं पोहणारा मासाही करून दाखवला.

काका म्हणाले, "नाही नाही, चिंच-गूळ आहे हा. आमच्याकडे असतो." आणि तिलाच समजावून सांगायला लागले की कैरी आणि चिंचगूळ हे मूळ कोकणातलं.

तिनं पुन्हा सांगितलं. काकांनी पुन्हा बुडवली. चार वेळा. मासळी मुरवून काढलेलं पाणी, साखर आणि मिरच्या, एवढंच होतं त्या वाटीत.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात नाश्त्याला नागपूरवाल्यांनी घोटाळा केला. सगळ्यांसमोर म्हणाले, "काकाजी, काल चतुर्थीला मासोळी चापली तुम्ही!" टेबल हसलं. मी हसले, आई हसली, काकूही हसल्या. काका हसले नाहीत. कॉफी अर्धी टाकून वर निघून गेले.

त्या दुपारी त्यांनी रिव्ह्यू टाकला. एक स्टार. मुलीचं नाव घालून, तिचा फोटो लावून. 'श्रद्धाळू हिंदूला व्रताच्या दिवशी जाणूनबुजून मासे खायला घातले. सांगूनही ऐकलं नाही. टाळा.' मंडळाच्या ग्रुपवर लिंक. अंगठे.

प्रवासात मी ग्रुप उघडलाच नव्हता; मला ते कळलं बॉथेलला परतल्यावर, मुलीच्या मेसेजमधून. निघताना मी तिचा नंबर घेतला होता. तिनं लिहिलं होतं की महिनाअखेरीस कंपनी पुढच्या महिन्यात काम कोणाला याची यादी लावते आणि नावाखाली फोटोसकट एक स्टार असेल, तो खोडणारं काही नसेल, तर नाव येत नाही. मोटरसायकल तिची स्वतःची, आई तिच्यावर अवलंबून, दुसरं काम नाही. तिनं मागितलं एवढंच: तुम्ही बाकीच्या पाच जणांनी महिना संपायच्या आत दोन-दोन ओळी लिहाल का?

दोन ओळी. आईनं त्याच रात्री लिहिल्या, मोडक्या इंग्रजीत. नागपूरवाल्यांना आणि काकूंना सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी केलं नाही. स्वतःच्याही ओळी लिहिल्या नाहीत. कारण मला कळलं होतं की पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी काका मंडळात 'आमची व्हिएतनाम सफर' नावाचा स्लाइड शो देणार आहेत, आणि माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं.

पत्रकाचा नियम आमच्या संघटनेत सोपा आहे. पहिल्या ओळीत आरोप, मग पुरावा, शेवटी मागणी. मी तीन रात्री मराठीत पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरात 'मासा कोणी खाल्ला?' मधोमध माझ्या व्हिडिओतले चार फोटो, चारही वेळा काकांचा हात वाटीत. कोपऱ्यात चौकोनी कोड, फोन धरला की व्हिडिओ चालू आणि मुलीचा आवाज स्पष्ट: 'सर, मासा.' खाली मागणी: रिव्ह्यू आत्ता, इथे, काढा.

लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये मी तासभर आधी पोचले आणि साठ खुर्च्यांवर साठ पत्रकं ठेवली. पहिल्या रांगेत काकांच्या खुर्चीवरसुद्धा.

काका आले, लॅपटॉप पडद्याला जोडायच्या खटपटीत पाठमोरे होते. मागे लोक सामोसे घेऊन बसत होते आणि वाचत होते. आधी कागदाची सळसळ, मग एकेका फोनमधून तोच आवाज, पुढेमागे, कोरससारखा. "सर, मासा." "सर, मासा." काका वळले.

"ही डिप्ड इट फोर टाइम्स!" एक चिमुरडी ओरडली. तिच्या आईनं तिचं तोंड दाबलं, पण हसत.

एक मावशी म्हणाल्या, "अहो, खाल्ला तर खाल्ला. आम्ही मालवणकडचे, आम्हाला काय त्याचं?"

"प्रश्न माशाचा नाहीये मावशी," मी उभी राहून म्हटलं. "प्रश्न खोटं बोलण्याचा आहे. तिनं दोनदा सांगितलं. यांनी ऐकलं नाही. आणि आता तिच्या पोटावर आलंय."

"हे घरातलं आहे गं," सध्याचे अध्यक्ष म्हणाले. "असं पत्रकं वाटून? फोन करायचास ना."

"रिव्ह्यू लिहिताना काकांनी तिला फोन केला होता का?"

काकांच्या हातात ती वायर तशीच लोंबत होती. मान लाल, कान लाल. मी जे बघायला आले होते ते पुरेपूर बघितलं आणि सांगते, छान वाटलं. आजही त्याचं मला वाईट वाटत नाही.

काकू उठल्या. नऊवारी-पाचवारी काही नाही, साधी जीन्स आणि स्वेटर. त्यांनी नवऱ्याच्या खिशातून फोन काढून त्याच्या हातात दिला. "काढा तो रिव्ह्यू."

"अगं, आत्ता..."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, टाकू नका. काढा."

काकांनी काढला. स्लाइड शो झाला नाही. सामोसे संपले. मी पार्किंग लॉटमध्ये पावसात उभं राहून मुलीला मेसेज केला, उद्गारचिन्हांसकट: रिव्ह्यू गेला!

उत्तर दुसऱ्या सकाळी आलं. थँक यू. यादी लागून बारा दिवस झाले, माझं नाव त्यात नव्हतं. आता मी हॉटेलात चादरी धुते.

आईला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही. "पत्रक झकास होतं तुझं. तिनं काय मागितलं होतं?"

"दोन ओळी."

"मग?"

मी आधी चिडले, नेहमीप्रमाणे काकांवर. गाडी काढली आणि त्यांच्या घरी गेले. आता त्यांच्याकडून कंपनीला पत्र लिहून घ्यायचं, शब्द न् शब्द मी सांगणार आणि ते लिहिणार, असं ठरवून. काकूंनी चहा विचारला. नको म्हटलं. काका जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते, जणू माझीच वाट बघत.

"लिहा," मी म्हटलं. "मी खोटं लिहिलं."

"थांब," ते म्हणाले. "मला आठवून लिहू दे." आणि इंग्रजीत लिहायला लागले.

मी मागे उभी राहून वाचत होते. समुद्रावर वारा सुटला तेव्हा तिनं स्वतःचं जाकीट काढून त्यांना दिलं होतं. ते उपाशी आहेत म्हणून पूर्ण संध्याकाळ, चंद्र येईपर्यंत, तिनंही काही खाल्लं नव्हतं. शाकाहारी बाईकडे तिनं आधी जाऊन तवा धुऊन घ्यायला लावला होता. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी फोनमधून बघत होते.

"म्हणजे तुम्हाला सगळं आठवत होतं," मी म्हटलं.

"हो."

"तरी एक स्टार?"

"लाज वाटली गं. चाळीस वर्षांत एक चतुर्थी मोडली नव्हती. त्यात तो नागपूरवाला हसला, तुम्ही सगळे हसलात. राग कोणावर तरी काढायचा होता."

मला वाटलं होतं हे ऐकून माझा राग उतरेल. उलटं झालं. न कळून केलं असतं तर मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. सगळं लख्ख आठवत असताना त्या मुलीचा फोटो शोधून लावला होता.

"हे घाला पत्रात," मी म्हटलं.

"काय?"

"लाज वाटली म्हणून राग तिच्यावर काढला. हेच शब्द."

"ते कशाला? बाकी सगळं लिहिलंय ना."

"घाला," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्यांना ती एक ओळ लिहायला इतर दोन पानांइतका वेळ लागला. दोनदा खोडली. मी जागची हलले नाही. त्यांनी कंपनीला आणि तिलाही पत्र पाठवेपर्यंत थांबले, मग घरी जाऊन माझ्या ओळी लिहिल्या आणि नागपूरवाल्यांना फोनवर धरून बसले, त्यांच्या लिहून होईपर्यंत.

कंपनीनं तिला परत घेतलं नाही. उत्तरही दिलं नाही. तिनं ते पत्र दुसऱ्या एका लहान टूरवाल्याला दाखवलं. त्याच्याकडे आता ती सकाळच्या बाजाराच्या फेऱ्या करते. रात्रीच्या फेऱ्या जुन्या लोकांकडे आहेत, त्या तिला मिळायला वेळ लागेल. तिनं कळवलं की मालकानं पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. माझ्या पत्रकाबद्दल तिनं काही विचारलं नाही. तिला ते वाचता येणार नव्हतंच, ते मी तिच्यासाठी लिहिलंही नव्हतं.

शेवटी तिनं लिहिलं होतं: तुझे काका चांगले आहेत.

मी सकाळच्या फेऱ्यांबद्दल तिचं अभिनंदन केलं, बाजारात आता काय काय येतं ते विचारलं. काकांबद्दलच्या वाक्याला उत्तर दिलं नाही.