तलाठ्याला पट्टा

आमच्या पेशंटला बोलता येत नाही. त्यामुळं त्याला घेऊन आलेला माणूस दोघांच्या वाटचं बोलून घेतो! नळदुर्ग आणि जळकोटच्या मधल्या एका हायवेकाठच्या गावात, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी बावीस वर्षं काढली. हुद्द्यानं पशुधन पर्यवेक्षक, पण गावात सगळे ‘डॉक्टर’च म्हणतात. जेवढी इंजेक्शनं दिली, त्याहून जास्त किस्से साठले.

म्हशींच्या किश्शांत भांडण नसतं. म्हैस बांधायची की सोडायची, यावर गावात दुमत नाही. वाद पेटतो तो कुत्र्यामांजरांवरून. आणि त्या वादात मी पहिल्यापासून एका बाजूला उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

*

शिवलिंगअप्पांचं किराणा दुकान हायवेला लागूनच. त्यांचा मोती दिवसभर दुकानाच्या पायरीवर असायचा. एकदा अप्पा त्याला दवाखान्यात घेऊन आले. पोट फुगलेलं, कुत्रं मलूल.

मी विचारलं, “काय खाल्लंय यानं?”

“दूधभाकरी. दुसरं काय खाणार? आमच्या घरात कांदासुद्धा सोमवारी चिरत न्हाईत, डॉक्टर. हे कुत्रं शुद्ध शाकाहारी हाय!”

“बाहेर काही खाल्लं असेल.”

“इल्ला इल्ला, न्हाय हो! भायेरच्याला तोंड लावत न्हाय. संस्कार हायेत त्याच्यावर.”

मी औषध पाजलं. पाचव्या मिनिटाला संस्कारी मोतीनं टेबलावरच उलटी केली. त्यात कोंबडीचे दोन अख्खे पाय!

अप्पांनी आधी पायांकडं पाहिलं, मग मोतीकडं, मग माझ्याकडं.

“डॉक्टर,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “कुणीतरी फसवलंय हो त्याला!”

*

कुणी फसवलं ते रेबीजच्या लसीकरणाला कळलं.

सकाळी अप्पा मोतीला घेऊन आले. लस टोचली. टोचलेलं कुत्रं ओळखू यावं म्हणून आम्ही कपाळावर जांभळ्या औषधाचा ठिपका लावतो. दुपारी चिकनच्या दुकानवाले रज्जाकभाई आले. सोबत त्यांचा टायगर. स्वच्छ धुतलेला, साबणाचा वास येत होता. कपाळ कोरं. टोचलं. रजिस्टरला नोंद करताना डाव्या कानाचा तुटका शेंडा दिसला आणि माझा पेन थांबला.

“रज्जाकभाई, हा मोती आहे.”

“क्या डॉक्टरसाब! टायगर है. चार सालसे शाम का खाना मेरे यहाँ खाता है.”

अप्पांना बोलावलं. उलगडा असा झाला की, जांभळा डाग बरा दिसत नाही म्हणून अप्पांनी त्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले होते. एरवी संध्याकाळी येणारं कुत्रं लसीसाठी दुपारीच पकडून नेलेल्या रज्जाकभाईंना वाटलं, पोरांनी चुना फासलाय. त्यांनी साबण लावून भस्म धुतलं, त्याबरोबर ठिपकाही गेला!

मी दोघांवर चिडलो. कुत्रं मोकळं सोडलं की असंच होतं, म्हणालो. रज्जाकभाईंनी हात जोडले.

“चिडू नका साब. दोन घरचं खातंय, तर दोन घरची सुईबी खाऊ द्या!”

*

मी सगळ्यांना एकच सांगायचो, बांधा. चार पदरी रस्ता झालाय. ट्रकला ब्रेक असतो, वेळ नसतो.

अप्पा कानावर हात ठेवायचे. “शिवा शिवा! खंडोबाचं जनावर हाय ते. देवाच्या कुत्र्याला दोरी बांधायची म्हंता?”

मी एकदा म्हणालो, “देवळात घंटा बांधलेलीच असते ना?”

अप्पा म्हणाले, “ती कुठं कुणाच्या मागं धावती!”

*

गाव सोडा, मी घरातही हरलो होतो. आमच्याकडचं कुत्रं सुमननं, माझ्या बायकोनं, आणलेलं. जागेवर कधी सापडायचं नाही म्हणून तिनंच त्याचं नाव ‘तलाठी’ ठेवलं. ती गच्चीवरून हाक मारायची, “तलाठीऽऽ, जेवायला या!” आणि एकदा खरेखुरे तलाठी दारात उभे होते. सज्जन माणूस, चपला काढून आत आले आणि जेवूनच गेले!

मी पट्ट्याचा विषय काढला की सुमन म्हणायची, “तुम्ही दिवसभर बांधलेलीच जनावरं बघता. घरी आल्यावर एक तरी मोकळं बघा की.”

ती जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. तलाठी तिच्या पश्चातही मोकळाच राहिला. तो विषय काढायला समोर कुणी नव्हतं.

*

गावात एकच प्राणी कायम घरात असायचा. निवृत्त मुख्याध्यापिका कांबळेबाईंचं मांजर. खिडकीला जाळी, दाराला जाळी. मांजर आतून रस्ता बघायचं आणि रस्ता मांजराकडं.

बाई त्या मांजरीला टोचायला पिशवीत घालून आणायच्या. एकदा बाकावर बसलेल्या बायका कुजबुजल्या, “बिचारी! कोंडून घातली. काय गुन्हा केलाय तिनं?”

बाईंनी शांतपणे पिशवीची चेन लावली.

“माझ्या दोन पोरी शिकायला धाराशिवला जायच्या, तेव्हा तुम्हीच म्हणायच्या, बाई पोरींना लई मोकळं सोडतात. आता म्हणता, मांजर कोंडून ठेवतात. पोरींना रस्ता ओलांडायला मी शिकवलं होतं. मांजराला शिकवायचं असेल तर उद्यापासून तुम्ही या!”

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, या वादात आपण एकटे नाही.

*

मग एका दुपारी रज्जाकभाई पोत्यात काहीतरी घेऊन धावत आले. “डॉक्टरसाब, हायवेवर...”

पोत्यातून तांबूस शेपूट बाहेर आलेली. आमच्या तलाठ्याची शेपूट तांबूस आहे. टेबलापर्यंतची चार पावलं मी कशी टाकली, ते मला आठवत नाही.

पोतं उघडलं. डावा कान तुटका होता.

करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाठोपाठ अप्पा आले, अनवाणी, हाताला गव्हाचं पीठ. ते आणि रज्जाकभाई टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले.

अप्पा म्हणाले, “दुपारचा दिसला न्हाय. मला वाटलं, तुमच्याकडं असंल.”

रज्जाकभाई म्हणाले, “मला वाटलं, तुमच्याकडं.”

*

त्याच संध्याकाळी मी नळदुर्गला जाऊन पट्टा आणला. रुंद, कातड्याचा, पितळी कडीचा, कडीत अडकवायला दोरी.

तलाठ्यानं पहिले तीन दिवस अंगणात लोळण घेतली. जेवेना. रडणं असं की शेजारचे विचारायला आले. मी पट्टा काढला नाही. नुसतं बांधून ठेवणं हा तर छळ, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायला लागलो. गावात कुत्र्याला पट्टा लावून चालणारा मी पहिलाच. पारावरच्या मंडळींना उद्योग मिळाला.

“तलाठ्याला निलंबित केलं का हो डॉक्टर?”

“न्हाय रे, बदली झाली. चार्ज द्यायला निघालेत!”

“फिरवतंय कोण आणि फिरतंय कोण, तेवढं सांगा!”

मी हसायचो आणि चालायचो. एक मात्र खरं. सुमन गेल्यापासून दवाखाना आणि घर, एवढंच माझं फिरणं होतं. लोकांना माझ्याशी काय बोलावं कळायचं नाही, मलाही. आता पारावरून टोमणा आला की मी उत्तर द्यायचो. तलाठी त्यांचे पाय हुंगायचा. अप्पा तेवढे हसायचे नाहीत. आम्ही दुकानासमोरून गेलो की ते वजनाचा काटा पुसत बसायचे.

*

आता हा शेवटचा.

माझी मुलगी पुण्याला असते. तिची आई गेल्यापासून रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन येतो. ठरलेले प्रश्न, ठरलेली उत्तरं. मी ती चालता चालता देतो.

हायवे ओलांडायला अप्पांच्या दुकानासमोर दुभाजकाला फट आहे. तिथं आलो की मी तलाठ्याला ‘बस’ म्हणायचो. तो बसायचा. दोन्हीकडं बघून मी ‘चल’ म्हणायचो, मग निघायचो. दोन महिने हीच शिस्त, एक दिवस खाडा नाही.

त्या दिवशी फटीसमोर तलाठ्याला बसवलं, तेवढ्यात फोनवर मुलगी म्हणाली, “बाबा, आईची एक साडी मी नेसले होते आज ऑफिसला.”

“कुठली?” मी विचारलं.

“हिरवी. बारीक काठाची.”

मला ती साडी दिसली. आणि मी पाऊल टाकलं.

हाताला असा हिसका बसला की खांदा निखळल्यासारखं झालं. मी मागं, कडेच्या खडीवर बसलो. समोरून टँकर गेला. हॉर्न नंतर ऐकू आला. फोन कुठं तरी पडून “बाबा? बाबा?” करत होता. तलाठी जागचा हलला नव्हता. पुढचे पाय रोवून, मान आखडून, कडेला बसलेला. मी ‘चल’ म्हटलंच नव्हतं!

दुकानाच्या पायरीवरून अप्पा उतरून आले. त्यांनी आधी फोन उचलून माझ्या हातात दिला. मग खाली वाकून तलाठ्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बराच वेळ. मोती गेल्यापासून ते माझ्याशी पट्ट्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

उभे राहत म्हणाले, “डॉक्टर, पट्टा बरोबर हाय तुमचा. फक्त गळा चुकलाय!”