सासऱ्यांसमोरचा फळा

परवा लेकीच्या शाळेत ओल्या फडक्यानं पुसलेल्या फळ्याचा वास आला आणि चिखलीजवळचा आमचा प्रौढांचा वर्ग आठवला. घरातला पहिला पदवीधर मी, ताठ मानेनं शिकवायचो. त्या दिवशी शांताबाईंना नाव लिहायला बोलावलं. त्या खडू घेऊन फळ्याशी आल्या, पण फळ्याकडं वळेनात.

"काऊन थांबल्या?"

"मामाजी मांगं बसले, सर. त्यायले पाठ कशी दाखवू?"

शांताबाई उद्यापासून येणारच नाहीत, अशी मला धास्ती वाटली. तेवढ्यात त्याच वर्गात शिकणारे त्यांचे सासरे उठले आणि मागच्या भिंतीकडं तोंड करून बसले.

"घे, म्याच पाठ केली. लिही आता."

खडू करकरला.

"आलं का लिहिता?" म्हाताऱ्यानं भिंतीलाच विचारलं. आपल्यालाही जमेल का, ही त्या आवाजातली भीती मला आज ऐकू येते. तेव्हा फक्त शांताबाईंचीच दिसली होती.

"आलं, मामाजी," त्या म्हणाल्या, फळ्यावरची नजर न काढता.